नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बहिणीला स्वतःचा मार्ग आहे का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण लग्नानंतर एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याची आश्रित म्हणून, अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, त्याला आता सहा वर्षे होतील. मेहुणे एच-१बी या तात्पुरत्या कामगार व्हिसावर नोकरी करतात. त्यांच्या ग्रीन कार्डाचा (कायम वास्तव्याच्या परवान्याचा) एक टप्पा, म्हणजे आय-१४०, मंजूर झालेला आहे आणि ते रांगेत आहेत. भाची तीन वर्षांची असून तिचा जन्म तिथलाच आहे. मारहाण पहिल्या वर्षापासून चालू आहे. बहिणीचा पासपोर्ट मेहुण्यांनी कुलपात ठेवला आहे, हातात पैसे देत नाहीत आणि “तक्रार केलीस तर एका फोनमध्ये तुझा व्हिसा रद्द करीन, मुलगी इथेच राहील, तू एकटी परत जाशील,” असे बजावतात. आईवडिलांचे म्हणणे की मुलीला घेऊन गुपचूप निघून ये. तिकडच्या एका ओळखीच्या एजंटाने सांगितले की ‘वावा’मध्ये नाहीतर असायलममध्ये (आश्रयासाठी) केस टाकतो, पाच हजार डॉलर लागतील. तिने काय करावे, आणि आम्ही इथून काय करावे?
– एक थोरली बहीण, सोलापूर

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात प्रश्न तीन-चार आहेत, पण तुमच्या बहिणीला घरात अडकवून ठेवणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ही व्हिसाची धमकी. म्हणून आधी त्या धमकीबद्दल लिहितो. अमेरिकेत कोणत्याही नवऱ्याला फोन करून बायकोचा व्हिसा रद्द करता येत नाही. तो अधिकार सरकारचा आहे. एच-४चा दर्जा दोन गोष्टींवर टिकून असतो: नवऱ्याचा एच-१बी दर्जा चालू असणे आणि लग्न कायद्याने अस्तित्वात असणे. यांपैकी एक जरी संपली तरी एच-४चा आधार जातो. म्हणजे धमकी अगदीच पोकळ आहे असेही नाही. घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की बहिणीला एच-४वर राहता येणार नाही, आणि मेहुण्यांची नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमानुसार कुटुंबाला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. परंतु घटस्फोट एका फोनवर होत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, त्याची नोटीस बहिणीला बजावावी लागते आणि तिला आपले म्हणणे मांडण्याची संधी असते. त्यात जो काळ जातो तो तिच्या उपयोगाचा आहे, आणि पुढे मी जे लिहितो आहे ते सगळे त्या काळात, शक्य तर त्याच्याही आधी करण्याचे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिच्या मुक्कामाची अधिकृत मुदत कोणत्या तारखेला संपते हे तिला स्वतःला ठाऊक असले पाहिजे. पासपोर्टावरच्या व्हिसाच्या शिक्क्यावरची तारीख ही ती तारीख नव्हे. मुदत ठरते आय-९४ नावाच्या नोंदीवरून. बहिणीने अमेरिकेत शेवटचा प्रवेश केल्यानंतर मुदतवाढ घेतलेली नसेल, तर तिची आय-९४ सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख घालून तिला स्वतःला काढता येते. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. मुदतवाढ देशात राहूनच घेतलेली असेल तर मात्र नवी आय-९४ त्या संकेतस्थळावर दिसत नाही, ती आय-७९७ या मंजुरीपत्राच्या तळाशी छापलेली असते. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टाची मुदत पाहून आय-९४ आखूड केली आहे आणि घरात कोणाच्या ते लक्षातच आलेले नाही, असेही घडते. आणखी एक. एच-४ वाढवण्याचा आय-५३९ हा अर्ज बायकोच्या नावाने आणि तिच्याच सहीने जातो. गेल्या खेपेला आपण सही केली होती का, हे बहिणीला आठवते का, ते विचारा. सही केलेली आठवत नसेल तर अर्ज गेलाच नाही की भलत्याने सही केली, हे वकिलाला पहिल्या भेटीतच सांगायचे.

आता एजंट ज्याला ‘वावा’ म्हणतो आहे त्याकडे येऊ. १९९४ साली अमेरिकेत महिलांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द रूढ झाला. एरवी नवरा बायकोसाठी अर्ज करतो तेव्हाच तिचे ग्रीन कार्ड पुढे सरकते. ही दोरी नवऱ्याच्या हातात राहू नये म्हणून या कायद्याने छळ झालेल्या व्यक्तीला आय-३६० या नमुन्यावर स्वतःच अर्ज करण्याची मुभा दिली. त्याला सरकारी शुल्क नाही, पोलिसांतली तक्रार सक्तीची नाही, आणि अर्ज केल्याचे नवऱ्याला कळवले जात नाही. नावात महिला असल्या तरी पुरुषालाही हा अर्ज करता येतो. पण एक अट आहे आणि तुमच्या बहिणीचे घोडे तिथेच अडते: छळ करणारा जोडीदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. एच-१बीवर असलेला नवरा या दोहोंत बसत नाही. आय-१४० मंजूर झाले म्हणजे ग्रीन कार्ड मिळाले असे होत नाही. ते प्रत्यक्ष मंजूर होईपर्यंत तो कायद्याच्या नजरेत तात्पुरता कामगारच. तेव्हा आजच्या घटकेला बहिणीच्या नावाने वावाचा अर्ज टाकतो म्हणणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा लबाड आहे, आणि दोन्ही प्रकारच्या माणसांना पैसे द्यायचे नसतात.

हा दरवाजा पुढे उघडू शकतो, म्हणून त्याचा हिशेब समजून घ्या. लग्न टिकून असताना मेहुण्यांना ग्रीन कार्ड मिळाले, तर त्यानंतर बहिणीला वावाखाली अर्ज करता येईल, आणि त्यानंतर छळाच्या कारणावरून घटस्फोट झाला तरी त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. उलट घटस्फोट ग्रीन कार्डाच्या आधी झाला तर वावाचा मार्ग बंद, आणि मेहुण्यांच्या अर्जात आश्रित म्हणून तिला मिळणारे ग्रीन कार्डही गेले. म्हणून संमतीने घटस्फोटाचे कागद कोणी समोर ठेवले तर ते इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. पण यातून ‘ग्रीन कार्ड येईपर्यंत सोस’ असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे. तेवढा काळ मार खात काढ, असा सल्ला मी कोणत्याही मुलीला देणार नाही, आणि तुमच्या घरातही कोणी देऊ नये.

बहिणीच्या परिस्थितीत खरोखर लागू पडणारा मार्ग यू व्हिसाचा आहे. २००० सालच्या कायद्याने तो निर्माण झाला. ठरावीक गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीला तो मिळतो. घरगुती हिंसाचार, लैंगिक अत्याचार, गंभीर मारहाण, पाठलाग आणि वेठीस धरणे हे गुन्हे त्या यादीत आहेत. गुन्हा करणाऱ्याचा दर्जा कोणता, हा प्रश्नच इथे येत नाही. नवरा एच-१बीवर असो, नागरिक असो की बिनकागदाचा असो, बायकोचा हक्क तिच्या स्वतःच्या पायावर उभा राहतो, आणि वावापेक्षा हा मार्ग तिला जवळचा आहे तो याचमुळे. शारीरिक किंवा मानसिक छळ भरीव स्वरूपाचा होता हे दाखवावे लागते आणि अर्जासोबत आय-९१८ नमुन्याची ‘पुरवणी बी’ जोडावी लागते. ही पुरवणी म्हणजे पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश किंवा अशाच अधिकृत यंत्रणेने सही करून दिलेला दाखला, की ही व्यक्ती गुन्ह्याची बळी आहे आणि तिने तपासात मदत केली आहे किंवा करते आहे. सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पोचावा लागतो, नाहीतर दाखला पुन्हा मिळवावा लागतो. नवऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी असे नाही, अटकही व्हायलाच हवी असे नाही. परंतु सही देणे न देणे त्या यंत्रणेच्या मर्जीवर असते, आणि त्यासाठी तिच्या दप्तरी घटनेची नोंद असावी लागते. म्हणून घरात हात उचलला गेला तर पोलिसांच्या ९११ या तातडीच्या क्रमांकाला फोन करणे हे जिवाच्या सुरक्षिततेसाठी तर आहेच, पण पुढच्या अर्जाचा पायाही त्याच नोंदीने घातला जातो.

यू व्हिसाची अडचण म्हणजे वेळ. मुख्य अर्जदारांसाठी वर्षाला १०,००० जागा आहेत आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट येतात, त्यामुळे अंतिम मंजुरीला अनेक वर्षे लागतात. २०२१ पासून एक मधली सोय झाली आहे: अर्ज प्रथमदर्शनी प्रामाणिक आहे असे ठरले तर अर्जदाराला देशाबाहेर काढण्याची कारवाई स्थगित ठेवून चार वर्षांपर्यंतचा काम करण्याचा परवाना देता येतो. ही सोयही सरकारच्या विवेकाधीन आहे आणि तिथवर पोचायलाही काळ जातो. यू दर्जा मिळाल्यानंतर तीन वर्षे सलग राहिल्यावर ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. अर्जाला शुल्क नाही. थोडक्यात, हा मार्ग लांबचा आहे, पण तो तिचा स्वतःचा आहे.

मग तोवर ती खाणार काय? यासाठी एक तरतूद आहे, जी आपल्या लोकांत फारशी कोणाला ठाऊक नाही. एच-१बीसह काही ठरावीक व्हिसांवर असलेल्या लोकांच्या छळ झालेल्या जोडीदारांना आय-७६५व्ही या नमुन्यावर स्वतंत्र काम-परवाना मागता येतो. कायद्यात ही तरतूद आधीपासून होती, पण अर्ज प्रत्यक्षात २०१७ मध्ये घ्यायला सुरुवात झाली. परवाना दोन वर्षांचा असतो आणि त्यासाठी नवऱ्याची सही, संमती किंवा त्याच्या कंपनीचा कागद लागत नाही. लग्न झाल्याचा, एकत्र राहत असल्याचा, नवऱ्याच्या दर्जाचा आणि छळाचा जो विश्वासार्ह पुरावा हाती असेल तो पाहिला जातो. घटस्फोट झाला असेल तरी तो छळाशी निगडित असेल आणि दोन वर्षांच्या आतला असेल तर अर्ज करता येतो. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी: हा परवाना काम करू देतो, मुक्कामाची मुदत वाढवत नाही. मुदतीचा प्रश्न वेगळाच सोडवावा लागतो. त्यासाठी शिक्षण घ्यायचे असेल तर विद्यार्थी दर्जात बदल किंवा स्वतःची पदवी आणि नोकरी असेल तर स्वतःचा एच-१बी, असे पर्याय वकील तपासून पाहील. दुसऱ्या पर्यायात वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० जागांची सोडत असते, तेव्हा त्याच्या भरवशावर बसता येणार नाही. आय-१४० मंजूर असलेल्यांच्या जोडीदारांना २०१५ पासून मिळणारा नेहमीचा एच-४ काम-परवाना हाही एक पर्याय आहे, पण त्यासाठी मेहुण्यांचे कागद लागतात, जे ते कुलपात ठेवून बसले आहेत.

या अर्जांच्या बाबतीत गोपनीयतेचा एक कडक नियम आहे. वावा, यू व्हिसा आणि छळग्रस्त जोडीदाराचा काम-परवाना यांच्या अर्जदाराची माहिती अधिकाऱ्यांनी छळ करणाऱ्याला द्यायची नाही, आणि केवळ त्याने पुरवलेल्या माहितीच्या आधारे तिच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असे कायदा सांगतो. मेहुण्यांनी उद्या खरोखरच फोन करून काहीबाही सांगितले तरी ते एवढ्यावर चालणार नाही. परंतु कायद्याने लपवलेले घरच्या मोबाइलवरून फुटते. तिची ईमेल मेहुण्यांनी उघडून दिलेली असेल, फोन त्यांच्या खात्याला जोडलेला असेल, टपालपेटीची किल्ली त्यांच्याकडे असेल, तर मंजुरीचा कागद त्यांच्याच हातात पडेल. म्हणून नवी ईमेल, शक्यतो वाचनालयातल्या किंवा मैत्रिणीच्या संगणकावरून, आणि अर्जावर सुरक्षित टपालपत्ता, हे दोन्ही आधी ठरवावे.

पोलिसांखेरीज आणखी एक दार आहे, ते दिवाणी न्यायालयाचे. न्यू जर्सीत छळ झालेल्या व्यक्तीला कुटुंब न्यायालयातून संरक्षणाचा तात्पुरता आदेश मिळू शकतो. न्यायालय बंद असेल तेव्हा पोलीस ठाण्यातून अर्ज करता येतो. त्याला शुल्क नाही आणि इमिग्रेशनचा दर्जा हा त्याचा निकष नाही. साधारणपणे दहा दिवसांच्या आत अंतिम सुनावणी लावली जाते, आणि अंतिम आदेश झाला तर न्यू जर्सीत त्याला मुदत नसते. अशा आदेशात नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगणे, मुलीचा तात्पुरता ताबा आणि खर्चाची रक्कम यांचा समावेश होऊ शकतो. दुभाषी मागण्याचा तिला हक्क आहे आणि तिने तो मागावा. सहा वर्षे तिथे राहून कामचलाऊ इंग्रजी आले असले तरी अंगावर आलेला प्रसंग सांगताना माणूस मातृभाषेतच नेमके सांगतो. एक सावधगिरी मात्र हवी: अंगावर माराच्या खुणा दिसल्या तर न्यू जर्सीच्या पोलिसांना अटक करावीच लागते. नवरा आधी फोन करून ‘तिनेच मारले’ असे सांगू शकतो, तेव्हा तिने आलेल्या अधिकाऱ्याला नवऱ्याच्या देखत नाही, तर बाजूला नेऊन बोलण्याची विनंती करावी आणि आपल्या अंगावरच्या खुणा दाखवाव्यात.

तुमच्या पत्रात लिहिलेली नाही पण ओळींच्या मधून जाणवते अशी एक भीती आहे: मेहुण्यांना शिक्षा झाली, त्यांना भारतात पाठवले, तर सगळ्यांचेच तोंडचे पाणी पळेल. हे खरे आहे की घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरणे किंवा संरक्षण आदेशाचा भंग करणे हे परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचे कारण ठरू शकते. पण अटक म्हणजे दोषी ठरणे नव्हे, आणि दोषी ठरेपर्यंत बराच मार्ग असतो. त्याचा दर्जा गेला तर तिचा एच-४ही जाईल, म्हणूनच यू व्हिसाचा अर्ज आणि काम-परवाना यांची तयारी आधी असावी. नवऱ्याच्या नोकरीची काळजी करत बायकोने मुका मार सोसावा, ही अपेक्षा आपल्याकडे किती सहज केली जाते, हे मला या सदराला येणाऱ्या पत्रांतून पुन्हा पुन्हा दिसते. ती अपेक्षा तुमच्या घरी बोलून दाखवली जात असेल तर तुम्ही थोरल्या आहात, ती थांबवा.

आता आईवडिलांच्या सल्ल्याकडे. मुलीला घेऊन गुपचूप निघून येणे हा त्यांना सर्वांत सरळ मार्ग वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत धोक्याचा आहे. भाची जन्माने अमेरिकन नागरिक आहे. बापाचे तिच्यावरचे हक्क डावलण्याच्या हेतूने तिला देशाबाहेर नेणे हा १९९३ च्या कायद्याने तिकडे संघराज्याचा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घरगुती हिंसाचारापासून पळून जात होते, हा बचाव त्याच कायद्यात दिलेला आहे. पण बचाव न्यायालयात सिद्ध करावा लागतो, विमानतळावर नव्हे. मुले पळवून नेण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, म्हणून कोणी म्हणेल की एकदा भारतात आली की कोणी काही करू शकत नाही. तसे नाही. तिकडचे न्यायालय बापाला ताबा देऊ शकते, बहिणीच्या नावाने वॉरंट निघू शकते, आणि मग ना तिला परत जाता येते, ना मुलीला आईसोबत मोकळेपणाने प्रवास करता येतो. शिवाय मुलीचा पासपोर्ट काढलेला नसेल तर १६ वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालकांची संमती लागते. मुलीसह भारतात येऊन राहायचे हाच बहिणीचा खरा निर्णय असेल तर तोही शक्य आहे, पण तो तिथल्या न्यायालयाकडून ताब्याचा आणि स्थलांतराच्या परवानगीचा आदेश घेऊन. त्याला वेळ लागेल.

एकटीने परत येण्यालाही किंमत आहे. मुक्कामाची मुदत संपून १८० दिवसांपेक्षा जास्त काळ ती बेकायदा राहिली आणि मग देश सोडला, तर तीन वर्षे परत जाता येत नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाले असेल तर दहा वर्षे. मुलगी तिकडे आणि आई दहा वर्षे इकडे, असा डाव मेहुण्यांनी आखला असेल असे मी म्हणत नाही, पण त्यांच्या धमकीतला ‘तू एकटी परत जाशील’ हा भाग याच मार्गाने खरा होऊ शकतो. सुरुवातीला सांगितलेली आय-९४ची तारीख म्हणूनच इतकी मोलाची आहे.

एजंटाने सुचवलेल्या असायलमबद्दल. आश्रयासाठीचा अर्ज साधारणपणे अमेरिकेत आल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या कारणांवरून स्वदेशात छळ होईल अशी भीती त्यात दाखवावी लागते. अपवाद आहेत, पण एजंट अपवादांबद्दल बोलत नसतो. तो ठरलेली गोष्ट रचून देतो. जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचे सिद्ध झाले तर माणूस इमिग्रेशनच्या जवळजवळ सर्व लाभांना कायमचा मुकतो. बहिणीकडे सांगण्यासारखी खरी गोष्ट असताना तिने खोटी विकत घेऊ नये. शिवाय अलीकडे, विशेषतः २०२५ पासून, अर्ज नामंजूर झाला आणि दर्जा उरलेला नसला तर प्रकरण थेट हद्दपारीच्या न्यायालयात पाठवण्याकडे कल आहे. ‘टाकून तर बघू, लागला तर लागला’ हे धोरण पूर्वीही चुकीचे होते, आता ते परवडणारे नाही.

मग विचारायचे कोणाला? अमेरिकेत इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीला आहे. एजंट, कर सल्लागार, प्रवास कंपनीवाला, नोटरी यांपैकी कोणालाही नाही. मेहुण्यांच्या कंपनीचा वकील तर मुळीच नको. तो कंपनीचे आणि बहुधा मेहुण्यांचे काम पाहतो, बहिणीचे नाही, आणि त्याला सांगितलेली गोष्ट कुठे पोचेल याची हमी नाही. तुमच्या सुदैवाने ती न्यू जर्सीत आहे. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून त्याच राज्यात आहे, आणि पलीकडे न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून ‘सखी’ आहे. अशा संस्थांतल्या कार्यकर्त्यांना सासू, दीर, दिलेले दागिने, ‘लोक काय म्हणतील’ हे सगळे समजावून सांगत बसावे लागत नाही, आणि वकिलापर्यंत पोचवण्याचे कामही त्या करतात. मोफत कायदेशीर मदतीसाठी ‘लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी’ आहे. रात्री-अपरात्री बोलायचे झाले तर राष्ट्रीय घरगुती हिंसाचार मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ हा आहे. तिथे दुभाष्याची सोय असते. पासपोर्ट मिळतच नसेल तर पोलिसांत तशी नोंद करून न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तुम्ही सोलापुरातूनही तक्रार नोंदवू शकता. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मेहुण्यांची नाही.

तुमच्यासारखेच प्रश्न घेऊन हे वाचणाऱ्या दोन प्रकारच्या वाचकांसाठी थोडे विषयाच्या कडेने. ज्यांच्या मुलीने अमेरिकन नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न केले आहे, तिला वावाचा मार्ग आजच खुला आहे. आणि तिला दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळालेले असेल, तर अटी काढण्याच्या आय-७५१ अर्जावर नवऱ्याची सही नसली तरी छळाच्या कारणावरून सूट मागून तो तिला एकटीने भरता येतो. दुसरे म्हणजे आईवडील. नागरिक झालेल्या, २१ वर्षांवरील मुलाने किंवा मुलीने छळलेल्या पालकांनाही वावाखाली स्वतः अर्ज करता येतो. नातवंडे सांभाळायला म्हणून नेलेले आणि नंतर पासपोर्ट काढून घेऊन घरात कोंडलेले म्हातारे आईवडील ही केवळ कल्पना नाही. लाजेपोटी ते कोणाला सांगत नाहीत एवढेच.

आता तुम्ही इथून काय करायचे ते. बहिणीला पैशापेक्षा आधी कागद लागतील. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, तिचा जन्मदाखला, पदव्या आणि लग्नाच्या फोटोंतले काही निवडक फोटो एकत्र करा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, आणि भाषांतर करणाऱ्याने आपण दोन्ही भाषा जाणतो व भाषांतर अचूक आहे असे सही करून लिहून द्यावे लागते. त्यासाठी नोटरीची गरज नाही. इंग्रजी नीट येणारा कोणीही हे करू शकतो, फक्त ते बहिणीने स्वतः करू नये. हाच नियम तिने तुम्हाला मराठीत पाठवलेल्या व्हॉट्सअॅप निरोपांना लागू आहे. त्यांचे स्क्रीनशॉट घेताना वर नाव किंवा क्रमांक आणि दिनांक दिसला पाहिजे. तुमच्या फोनवर ते निरोप अजून असतील तर फोन बदलण्याआधी जपून ठेवा, कारण तिच्या फोनवरचे तिला पुसून टाकावे लागले असतील.

तुम्ही आणि आईवडिलांनी प्रत्येकी एक शपथपत्र लिहावे, पण एकमेकांचे पाहून लिहू नये. ‘जावई फार त्रास देतात’ असे वाक्य अधिकाऱ्याच्या उपयोगाचे नाही. गणपतीच्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर तिच्या डाव्या भुवईवर टाका दिसला, विचारल्यावर कपाटाचे दार लागले म्हणाली आणि मागून मेहुण्यांचा आवाज आल्यावर फोन बंद झाला, असे तुम्ही स्वतः पाहिले असेल ते, वर्ष आणि महिना आठवेल तसा, लिहायचे. जे ऐकले ते ऐकले म्हणून आणि जे पाहिले ते पाहिले म्हणून. वाढवून लिहिलेले एक वाक्य सापडले तर बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. हे सगळे तिच्या जुन्या ईमेलवर किंवा घरच्या पत्त्यावर पाठवू नका. ती संस्थेच्या कार्यकर्त्याशी किंवा वकिलाशी एकदा बोलली की ते सांगतील त्या पत्त्यावरच पाठवा, आणि मूळ कागद आपल्याकडे ठेवून आधी प्रती द्या. पाच हजार डॉलर जमवलेच असतील तर ते एजंटाला न देता बाजूला ठेवा: मोफत वकील मिळाला तरी घर सोडावे लागल्यास पहिल्या महिन्याचे भाडे, मुलीचे पाळणाघर आणि तिच्या एकटीच्या नावाचा नवा फोन यांसाठी ते लागतील.